देवाजींच्या बैलाचा गोचीड

१७ नोव्हेंबर २०२४
पुनर्वसन, ता. पवनी

गुड्डीचे बाबा,

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हा कागद. फोन बंद करून ठेवता येतो. कागद फाडायचा असला तरी आधी हातात घ्यावा लागतो. तुमसरच्या राइस मिलचा पत्ता तिथं टेम्पो नेणाऱ्या विनोदभाऊंनी दिला, त्यांच्यावर चिडू नका. मी त्यांच्या दारात बसून राहिले आणि त्यांना जेरीस आणलं.

मी बरी आहे. धान निघालं. तुमच्यावाचून निघालं हे तुम्हाला आवडणार नाही, पण निघालं. काल चुलीवरून पेजेचं भांडं उतरवताना गंजाचा काठ मनगटाला लागला. फोड आला तेव्हा कळलं की भाजलं. मला हल्ली सगळं उशिरा कळतं. रडूही येत नाही. शेजारच्या बायका रडायच्या तयारीनं येतात आणि चहा पिऊन परत जातात. त्यांचा हिरमोड होतो, मला दिसतं.

आठवतं मात्र सगळं. पोळ्याच्या आधीचा तो शनिवार आठवतो. तुम्ही सात्या आणायला जंगलाकडे निघालात आणि गुड्डी गाडीच्या टाकीवर चढून बसली. मी नको म्हणत होते, चिखल आहे म्हणून. तुम्ही म्हणालात, "येऊ दे तिले. सात्या दिसाले बारकी नजर लागते." दुपट्टाभर सात्या घेऊन दोघं आलात. वारुळाजवळच्या गवतात बसून अळंब्यांच्या साऱ्या छत्र्या मीच खुडल्या, असं ती दारातूनच सांगत आली. संध्याकाळी तुम्ही तिला अंगणात उभी करून पायाची कुसळं काढत होता. गुडघ्यामागचं एक निघता निघेना. शेवटी नखानं उपटून उडवलंत आणि म्हणालात, "हे कुसळ बी तुह्यासारखंच चिवट हाय." ती हसली. ते हसणं मला स्वच्छ ऐकू येतं. त्यानंतरचं सगळं कानात कापूस घातल्यासारखं आहे.

पोळ्याला आपण माझ्या बाबांकडे गेलो. नाला ओलांडला की माझं माहेर, जायला वेळ तो काय लागतो. तुमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं आणि नवे प्लॉट मिळाले ते नेमके माझ्या माहेरच्या शिवेवर. माझं गाव पिढ्यान्‌पिढ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला, आपली रोगराई तिथंच आणून टाकत आलं. लग्नात तुम्ही बाबांना चिडवलं होतं, "मामाजी, तुमी इडापीडा फेकली तिथं आमी घर बांधलं. आता पोरगी बी तिकडंच फेका." बाबा किती हसले होते.

बाबांनी दरवर्षीसारखे बैल धुतले, अंगावरचे गोचीड वेचले आणि पळसाच्या पानात बांधून पोटली केली. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दारात रोवलेल्या पळसाच्या फांद्या, मेढे, उपटून सारं गाव शिवेवर निघालं. पोटली मीच नेणार म्हणून गुड्डी हटून बसली. आज्यानं दिली. आदल्या दिवसापासून आज्याला ती सात्यांची गोष्ट रंगवून सांगत होती, त्यामुळे आजा तिच्यावर खूशच होता. ती सगळ्यांच्या पुढे ओरडत चालली होती, "ढेकून, माशा, गोचीड घेऊन जा गे मारबत." नाल्याच्या अलीकडे तिनं पोटली भिरकावली. आपल्याच घराच्या बाजूला.

मग ताप. मग नागपूर. पुढचं तुम्हाला माहीत आहे, ते मी लिहीत नाही.

दवाखान्यात रक्त तपासलं आणि विषाणू निघाला. त्याचं नाव इंग्रजी अक्षरांचं आहे, मला ते पाठ झालं आहे, तरी इथं लिहायचं नाही. मग प्रयोगशाळेची माणसं आली. नळीवर 'देवाजी' असं बाबांचं नाव लिहून त्यांच्या बैलांवरचे गोचीड नेले आणि त्यांतही तोच विषाणू निघाला. तुम्ही बाबांच्या अंगणात उभे राहून म्हणालात, "मामाजी, तुमच्या बैलाच्या गोचिडानं माही पोरगी खाल्ली. तुमी तिच्या हातात मरन देल्लं." बाबा खाटेवरून उठले आणि परत बसले. मी मधे बोलले नाही. तुमच्या बाजूनं नाही, त्यांच्याही नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमसरला निघून गेलात.

जेवत जा. मिलमधल्या भातात तुम्हाला चव लागत नसेल, मीठ मागून घ्या.

चंद्रकांता


२२ डिसेंबर २०२४

गुड्डीचे बाबा,

उत्तर आलं नाही. मी वाट पाहत नव्हते, असं लिहिलं तर तुम्हाला खरं वाटणार नाही, म्हणून लिहीत नाही.

मी कामाला लागले आहे. हसू नका. प्रयोगशाळेच्या रत्नमालाबाई परत आल्या आहेत, त्यांच्यासोबत धम्मदीप नावाचा पवनीकडचाच एक माणूस आहे. त्यांना गवतातून फडकं ओढायला बाई हवी होती. काठीला पांढरं जाड फडकं बांधायचं आणि ते गवतावरून, पाल्यावरून हळूहळू ओढत चालायचं. जनावर आलं असं वाटून गोचीड फडक्याला चिकटतात. मग फडकं उलटं करून बसायचं आणि चिमट्यानं एकेक उचलून काचेच्या नळीत टाकायचा. लोक म्हणतात, हिला वेड लागलं, जंगलाला पुसून राहिली. मला बरं वाटतं. चालायचं असतं आणि खाली बघायचं असतं.

मी बाईंना विचारलं, "माझ्या बाबांच्या बैलाच्या गोचिडानं दिला ना तिला?" मला हो किंवा नाही हवं होतं. त्यांनी दोन्ही दिलं नाही. म्हणाल्या, "गोचिडात विषाणू सापडणं वेगळं आणि गोचिडानं तो दुसऱ्याला देणं वेगळं. बैलाच्या रक्तात तो होता. ते रक्त गोचीड प्यायला, म्हणजे पोटात येणारच. पण गोचीड कात टाकतो, अंडी घालतो. त्या सगळ्यातून विषाणू जगला, लाळेत आला किंवा पिल्लांत उतरला, तरच तो पुढे जातो. नाहीतर ते नुसतं उष्टं." हे तपासायला गोचीड पाळावे लागतात. वेळ लागेल म्हणाल्या.

म्हणजे अजून ठरलेलं नाही. तुम्ही अंगणात जे बोललात ते अजून ठरलेलं नाही, एवढंच कळवायला हे पत्र.

बाबा गोठ्यातच बसून असतात. चौकात जात नाहीत. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांनी बैलांचे गोचीड काढणं सोडलं. बैलांच्या कानात, शेपटीखाली मण्यांसारखे लटकले आहेत आणि हे बघत बसतात. मी म्हटलं, "बाबा, निदान औषध तरी फवारा." म्हणाले, "माहा हात जात नाही वं बाई." शेवटी धम्मदीपनं काढले, हातमोजे घालून. बाबा त्याला सांगत होते, कुठल्या बैलाला कुठं हात लावलेला खपत नाही ते.

चंद्रकांता


९ मार्च २०२५

गुड्डीचे बाबा,

परवा फोन आला होता. कोणी बोललं नाही, पण मागून मिलचा धडधडाट येत होता. तुम्ही काय, मिलला फोन करायला लावता? मी "हॅलो" म्हटलं, मग "जेवले का" म्हटलं. बराच वेळ आपण दोघं मिल ऐकत होतो. बरं वाटलं.

इथली बातमी चांगली नाही. आपल्या पुनर्वसनात बैठक झाली. नाल्यावरच्या वाटेत दगड रचून टाकले. टिकारामकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "यंदा त्या गावची मारबत इकडं आली तर पाय तोडून हातात देऊ." मला बघून त्यांनी नजर खाली घातली. मी बाबांचा डबा घेऊन त्याच दगडांवरून जाते. कोणी अडवत नाही. बायका वाट सोडून बाजूला होतात, माझ्या अंगाला काही लागलं आहे असं समजून.

बाईंनी मला नळीतली मादी दाखवली. रक्त पिऊन एरंडीच्या बीएवढी टम्म झालेली. म्हणाल्या, अशी मादी पुन्हा चावत नाही. खाली पडते, अंडी घालते आणि मरते. आणि बैलावरचा हा गोचीड बारकेपणापासून म्हातारपणापर्यंत एकाच जनावरावर राहतो, कातसुद्धा तिथंच टाकतो. घर सोडत नाही. मला तुमची आठवण झाली. तुम्ही घर सोडणारे निघालात.

घरी येऊन बाबांना विचारलं, पोटलीत कसे होते?

"टम्म होते साऱ्याचे सारे. बारके कोन वेचते? ते तर दिसत बी नाही."

"मग त्यातला एकही तिला चावला नसेल, बाबा."

"अन् फुटला असन तिच्या हातात, तं?"

 बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, त्यासाठी पोटातला विषाणू जिवंत आहे की मेलेला ते पाहावं लागेल, तेही पाहून राहिलो. सगळं पाहून राहिले आहेत. मी फडकं ओढून राहिले आहे.

शाळेतून तिची सायकल घेऊन जा म्हणून निरोप आला होता. गेले, आणली. हवा भरून ठेवली. कशाला भरली ते विचारू नका.

चंद्रकांता


२५ मे २०२५

गुड्डीचे बाबा,

ठरलं. बैलाच्या गोचिडानं दिला नाही.

बाईंनी मला आणि बाबांना समोर बसवून सांगितलं. बैलांवरच्या माद्यांनी प्रयोगशाळेत अंडी घातली, पिल्लं निघाली. एकाही पिल्लात विषाणू नाही. कात टाकलेल्यांत नाही, लाळेत नाही. माद्यांच्या पोटात जो सापडला होता तो बैलाच्या रक्ताबरोबर आलेला, मेलेला, तुकडे झालेला. फुटला असता तरी त्यानं काही झालं नसतं. हा गोचीड तो विषाणू पिऊ शकतो, पण देऊ शकत नाही. बाईंनी हे दोनदा सांगितलं, कारण बाबा पहिल्यांदा ऐकल्यावर नुसते "बरं" म्हणाले होते.

दुसऱ्यांदा ऐकून ते म्हणाले, "मंग पोरगी कशानं गेली?"

"ते अजून माहीत नाही, बाबा," बाई म्हणाल्या. "जंगलात एक बारका गोचीड आहे. त्याचं पाहून राहिलो."

बाबा उठून गोठ्यात गेले. मला वाटलं, आता रडतील. त्यांनी बैलाचा कान उलटा केला आणि गोचीड काढायला घेतले.

ही बातमी मी आपल्या पुनर्वसनात घरोघरी जाऊन सांगितली. टिकारामकाकांनी ऐकून घेतलं. दगड अजून तिथंच आहेत, पण एक कोपरा कोणीतरी सरकवला आहे, सायकल जाईल एवढा.

आणि आता माझं. मला तुमचा राग आला. आजवर आला नव्हता, बाबांच्या तोंडचं ते "बरं" ऐकलं आणि आला. ज्या माणसानं नातीसाठी पळसाच्या पानाचं पिपाणं करून ठेवलं होतं, त्याला तुम्ही त्याच्याच अंगणात खुनी म्हटलंत, आणि तो इतके महिने खुन्यासारखा गोठ्यात बसला. तुम्ही दुःखात होता हे मला कळतं. तो नव्हता का? मी नव्हते का? तुम्हाला तुमसरला जाता आलं. मला कुठं जायचं होतं? मला नाला ओलांडून एका घरातून दुसऱ्या घरात तेवढं जाता येतं.

हे लिहिताना पेन इतकं दाबलं की कागदाला भोक पडलं. बरं वाटलं, बऱ्याच दिवसांनी काहीतरी वेळेवर कळलं.

चंद्रकांता


१० ऑगस्ट २०२५

गुड्डीचे बाबा,

कोंड्याची पोती पोचली. विनोदभाऊ टेम्पोतून उतरवून गेले. "कोणासाठी?" विचारलं तर म्हणाले, "बैलांसाठी, असं सांगाले सांगतलं." पत्र नाही, चिठ्ठी नाही. नवरा असावा तर असा, सासऱ्याची माफी मागायची ती बैलांच्या तोंडून. बाबांनी पोत्यात हात घातला, कोंडा हुंगला आणि म्हणाले, "ताजा हाय." त्या दिवशी ते चौकात जाऊन बसले. कोणी विचारलं नाही तरी सांगत होते, "जवायानं धाडला."

बाईंचं काम संपत आलं. काल त्या निरोप घ्यायला आल्या होत्या. बारक्या गोचिडाचा निकाल लागला. तो जंगलातल्या गवतात असतो, लहानपणी एका जनावरावर, मोठेपणी दुसऱ्यावर, असा घरं बदलत जगतो. त्याच्यात विषाणू कात टाकल्यावरही जिवंत राहतो आणि लाळेतून उतरतो. तो देऊ शकतो. बैलांनाही चरताना त्यानंच दिला असावा, असा त्यांचा अंदाज. बाईंनी मला नळी दाखवली. मी त्या नळीत पाहत राहिले. पाय जवळ घेऊन बसला होता, वाळलेल्या कुसळासारखा. अंगणात संध्याकाळच्या उजेडात कोणालाही कुसळच वाटला असता. कोणालाही.

"शकतो म्हणजे दिलाच, असं नाही," बाई म्हणाल्या. त्या नेहमी असंच बोलतात. मग त्यांनी विचारलं, "गुड्डी त्या दिवसांत जंगलात गेली होती का? दवाखान्याच्या कागदावर नाही असं आहे. पुन्हा एकदा विचारून घेते."

दवाखान्यात आपण दोघांनी पोटलीचंच सांगितलं होतं. आपल्याला तेव्हा दुसरं काही दिसत नव्हतं.

माझं तोंड उघडलं होतं. त्याआधी बाबा बोलले. खाटेवर ताठ बसून, बाईंच्या डोळ्यांत पाहून बोलले. "नाही मॅडम. पोरगी कुठी नाही गेल्ती. सात्या आनाले जवाई एकटाच गेल्ता."

मी तोंड मिटलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग वही मिटली. म्हणाल्या, "ठीक आहे. पण इथल्या पोरांना सांगत राहा." त्या गेल्यावर मी चहाची कपबशी उचलायला वाकले, तर बाबा म्हणाले, "एक मानूस वर्षभर असा बसला. पुरे झालं. आनखी कोनी बसू नये." आणि वैरण टाकायला गेले.

मी सांगत राहिले आहे. यंदाही सात्या निघाल्या आहेत, पोरं जंगलाकडे धावतात. मी दारोदार जाऊन आयांना सांगते, पोर जंगलातून आलं की गुडघ्यामागं, काखेत, कानामागं नीट पाहा. कुसळ दिसलं तरी नखानं उडवू नका. चिमट्यानं अलगद काढा आणि ताप आला तर दवाखान्यात जंगलाचं आधी सांगा. बायका ऐकतात. टिकारामकाकांची सून तर पोरांना ओळीनं उभी करून तपासते. ते बघितलं आणि मला त्यांच्या अंगणातच रडू आलं. ती घाबरली, पाणी आणायला धावली. बाकीच्या बायका जमल्या. वर्षभर वाट पाहिली होती बिचाऱ्यांनी.

पोळा याच महिन्यात, बावीस तारखेला आहे. नाल्यावरचे दगड काल निघाले. दोन्हीकडच्या लोकांनी ठरवलं, यंदा मारबत कोणाच्याच शिवेवर टाकायची नाही, नाल्याच्या वाळूत जाळायची. आपल्या घरचा मेढा कोण नेणार, असं मला विचारलं. मी म्हटलं, घरच्या माणसाला विचारून सांगते.

मी हे लिहिते आहे आणि बाबा शेजारी बसले आहेत. म्हणाले, माह्याकडून बी लिही. काय लिहू, म्हटलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकताना बैलांना सांगतात, तेच लिहायला सांगितलं, तुमच्यासाठी. "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी तसंच लिहिलं आहे. तुम्ही बैल नाही हे मला माहीत आहे. बैल अशा वेळी मुकाट्यानं येतो.

चंद्रकांता

ता. क. पहिल्या पत्रात मी त्या शनिवाराबद्दल काही वेगळं लिहिलं असेल, तर तो कागद फाडून टाका. माझं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं. सात्या आणायला तुम्ही एकटेच गेला होता. गुड्डी दिवसभर घरीच होती, माझ्याजवळ. मला तसंच आठवतं. बाबांनाही.